मॅसॅच्युसेट्समधील विवाहविषयक याचिका आणि फसव्या सह्यांचा वाद

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या दोन घटनादुरुस्ती याचिकांसाठी २००१ व २००५ मध्ये सह्या गोळा करण्यात आल्या. या कामात मतदारांची दिशाभूल झाल्याच्या तक्रारी आल्या आणि त्यांतून हा वाद उद्भवला. दोन्ही वेळी तक्रारींचे स्वरूप जवळजवळ सारखेच होते: मतदारापुढे एखाद्या सर्वमान्य विषयाची याचिका ठेवायची आणि सही मात्र विवाहविषयक याचिकेच्या कागदावर घ्यायची. हा दर्शनी विषय २००१ मध्ये घोड्यांच्या कत्तलीवरील बंदीचा होता, तर २००५ मध्ये किराणा दुकानांतून वाइन विकण्याच्या परवानगीचा. याचिकांच्या पुरस्कर्त्यांनी फसवणुकीची जबाबदारी नाकारली.

दोन्ही याचिकांनी सह्यांची आवश्यक संख्या ओलांडली; तथापि विधिमंडळाच्या टप्प्यावर अडल्यामुळे त्यांपैकी एकही अंतिम मतदानासाठी जनतेपुढे गेली नाही. सही कोणाची आहे हे तपासणाऱ्या यंत्रणेला ती सही काय समजून केली गेली हे तपासता येते काय, हा या वादातून पुढे आलेला प्रश्न मात्र पुढील काळातही चर्चेत राहिला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील एका निर्णयातही त्याचे पडसाद उमटले.

संज्ञा

अमेरिकेतील अनेक राज्यांत ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या जमवून एखादा कायदा किंवा घटनादुरुस्ती थेट जनतेच्या मतदानासाठी मांडता येते. या प्रक्रियेला इंग्रजीत ‘इनिशिएटिव्ह’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘जनयाचिका’ हा शब्द वापरला आहे. विधिमंडळाने संमत केलेला कायदा रद्द करण्यासाठी सह्या जमवून मतदान मागितले, तर त्यास ‘रेफरेंडम’ म्हणतात. भारताच्या संविधानात घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडे, आणि विशिष्ट तरतुदींच्या बाबतीत संसदेबरोबर राज्य विधिमंडळांकडेही, आहे. मतदारांच्या सह्यांवरून घटनादुरुस्ती मांडण्याची तरतूद त्यात नाही. त्यामुळे या संज्ञांना मराठीत रूढ प्रतिशब्द नाहीत.

एक वस्तू दाखवून दुसरीच गळ्यात मारण्याच्या युक्तीला इंग्रजीत ‘बेट अँड स्विच’ म्हणतात. बाजारातील फसवणुकीसाठी वापरला जाणारा हा शब्दप्रयोग सह्यांच्या मोहिमांतील दिशाभुलीसाठीही वापरला जातो.

जनयाचिकेची पद्धत

मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेत १९१८ मध्ये समाविष्ट झालेल्या ४८व्या दुरुस्तीने जनयाचिकेची तरतूद केली. घटनादुरुस्तीसाठीच्या याचिकेला पुढील टप्पे पार करावे लागतात.

१. प्रारंभी दहा मतदारांच्या सह्यांनिशी याचिका राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे सादर होते. याचिकेचा विषय घटनेने वर्ज्य ठरवलेल्या विषयांपैकी नाही, याची खात्री करून अ‍ॅटर्नी जनरल ती प्रमाणित करतात आणि तिचा संक्षिप्त सारांश तयार करतात. हा सारांश सह्यांच्या कागदावर छापलेला असतो.

२. त्यानंतर मागील गव्हर्नर निवडणुकीत झालेल्या एकूण मतांच्या तीन टक्के इतक्या मतदारांच्या सह्या शरद ऋतूतील काही आठवड्यांत जमवाव्या लागतात. कोणत्याही एका काउंटीतील सह्या आवश्यक संख्येच्या एक-चतुर्थांशाहून अधिक धरल्या जात नाहीत.

३. शहरांचे व गावांचे निवडणूक अधिकारी या सह्या पडताळतात. सही करणाऱ्याचे नाव व पत्ता मतदारयादीशी जुळतो की नाही, हे मुख्यतः पाहिले जाते.

४. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त अधिवेशनात २०० पैकी किमान ५० सदस्यांचा पाठिंबा मिळावा लागतो. आणि तोही लागोपाठच्या दोन विधिमंडळांत.

५. हे सर्व पार पडल्यावर प्रस्ताव जनतेच्या मतदानासाठी जातो.

विधिमंडळाने स्वतः मांडलेल्या घटनादुरुस्तीला संयुक्त अधिवेशनात बहुमत लागते. याचिकेतून आलेल्या दुरुस्तीला मात्र एक-चतुर्थांश सदस्यांचा पाठिंबा पुरतो. ही सवलत मतदारांच्या सह्यांमुळे मिळते. म्हणूनच त्या सह्या खऱ्या संमतीच्या आहेत की नाहीत, या प्रश्नाला विशेष महत्त्व येते.

मोबदल्यावर चालणारे सह्यांचे काम

अल्पावधीत हजारो सह्या जमवणे केवळ स्वयंसेवकांच्या बळावर अवघड असते. त्यामुळे हे काम व्यावसायिक कंपन्यांना देण्याची प्रथा अमेरिकेत रूढ आहे. या कंपन्या बाजारपेठा, दुकानांची प्रवेशद्वारे व रेल्वे स्थानके अशा वर्दळीच्या ठिकाणी माणसे उभी करतात आणि त्यांना अनेकदा प्रत्येक सहीमागे मोबदला देतात. एकच व्यक्ती एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेल्या दोन-तीन याचिका घेऊन उभी असते.

या व्यवस्थेत दिशाभुलीला वाव कसा मिळतो, हे समजणे कठीण नाही. लोकप्रिय विषयावर सही सहज मिळते. वादग्रस्त विषयावर लोक थबकतात, प्रश्न विचारतात किंवा नकार देतात. मोबदला सह्यांच्या संख्येवर ठरत असेल, तर सही करणाऱ्याला विषय नीट समजावून सांगण्यात गोळा करणाऱ्याचा वेळ जातो आणि त्याचे उत्पन्न घटते. त्यातच घाईत असलेला मतदार कागदावरील बारीक अक्षरांतील सारांश न वाचता, समोरच्या माणसाच्या बोलण्यावर विसंबून सही करतो.

पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर कोलोरॅडो राज्याने घातलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ‘मेयर विरुद्ध ग्रँट’ या खटल्यात एकमताने रद्द केली. याचिकेसाठी लोकांशी बोलणे हे राजकीय अभिव्यक्तीच्या कक्षेत येते, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढे १९९९ मध्ये याच राज्याने सह्या गोळा करणाऱ्यांवर घातलेली नावाची पट्टी लावण्याची सक्तीही न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. ऑरेगन राज्यात मात्र मतदारांनी २००२ मध्ये प्रत्येक सहीमागे मोबदला देण्यास बंदी केली. तेथे गोळा करणाऱ्यांना तासावर वेतन देता येते. ही बंदी संघराज्यीय अपील न्यायालयाने २००६ मध्ये ग्राह्य धरली.

२००१ ची याचिका

शेजारच्या व्हरमाँट राज्याने २००० मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी ‘सिव्हिल युनियन’ची तरतूद केली. त्या पार्श्वभूमीवर मॅसॅच्युसेट्समध्ये ‘मॅसॅच्युसेट्स सिटिझन्स फॉर मॅरेज’ या संघटनेने २००१ मध्ये याचिका दाखल केली. विवाह हा केवळ एक पुरुष व एक स्त्री यांच्यातच मानला जावा आणि अन्य कोणत्याही नात्याला विवाहाशी समतुल्य दर्जा किंवा केवळ विवाहितांसाठी असलेले लाभ मिळू नयेत, असा तिचा आशय होता.

त्याच सुमारास माणसांच्या आहारासाठी होणाऱ्या घोड्यांच्या कत्तलीवर बंदी घालण्याची मागणी करणारी दुसरी याचिका राज्यात फिरत होती. दोन्ही याचिकांसाठी सह्या गोळा करण्याचे काम एकाच व्यावसायिक कंपनीकडे होते. आपण घोड्यांच्या रक्षणासाठी सही करीत आहोत अशा समजुतीने विवाहविषयक याचिकेवर सही झाल्याच्या तक्रारी अनेक मतदारांनी केल्या. घोड्यांची याचिका वर ठेवून तिच्याविषयी बोलायचे आणि खालच्या दुसऱ्या कागदावरही सही मागायची, अशी पद्धत तक्रारदारांनी वर्णन केली.

विवाहविषयक याचिकेला ५७,१०० सह्यांची आवश्यकता होती. तिच्या ७६,६०७ सह्या ग्राह्य ठरल्या. घोड्यांच्या याचिकेला मात्र पुरेशा सह्या मिळाल्या नाहीत आणि ती बाद झाली. अशा रीतीने प्राणिप्रेमी कार्यकर्ते हेही या वादातील एक पीडित पक्ष ठरले: त्यांच्या विषयाचा मान वापरला गेला आणि सह्या अन्यत्र गेल्या, अशी त्यांची तक्रार होती. विवाहविषयक याचिकेच्या पुरस्कर्त्यांनी गैरप्रकारांशी आपला संबंध नाकारला.

याचिका संयुक्त अधिवेशनापुढे आली, तेव्हा १७ जुलै २००२ रोजी १३७ विरुद्ध ५३ मतांनी अधिवेशनच तहकूब करण्यात आले. प्रत्यक्ष प्रस्तावावर मतदान न झाल्याने याचिका निकालात निघाली. मतदान टाळण्याच्या या कृतीवर पुरस्कर्त्यांनी तीव्र टीका केली. सह्या करणाऱ्या नागरिकांचा घटनादत्त अधिकार डावलला गेला, असे त्यांचे म्हणणे होते.

२००५ ची याचिका

पार्श्वभूमी

१८ नोव्हेंबर २००३ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने ‘गुडरिज’ खटल्यात चार विरुद्ध तीन मतांनी समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार नाकारणे राज्यघटनेशी विसंगत ठरवले. १७ मे २००४ पासून राज्यात असे विवाह होऊ लागले आणि मॅसॅच्युसेट्स हे समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणारे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले.

विवाहाऐवजी सिव्हिल युनियनची तरतूद सुचवणारी एक तडजोडीची घटनादुरुस्ती विधिमंडळाने २००४ मध्ये प्रथम संमत केली होती; ती १४ सप्टेंबर २००५ रोजी १५७ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळली गेली. विरोधकांची भिस्त आता नव्या जनयाचिकेवर होती. ‘व्होट ऑन मॅरेज’ या नावाने चाललेल्या या मोहिमेला मॅसॅच्युसेट्स फॅमिली इन्स्टिट्यूट ही संस्था व राज्यातील कॅथलिक बिशप यांचा पाठिंबा होता. दुरुस्ती संमत झाल्यानंतर होणाऱ्या विवाहांपुरतीच विवाहाची व्याख्या एक पुरुष व एक स्त्री यांच्यापुरती मर्यादित करावी, असा या याचिकेचा आशय होता. आधी झालेले विवाह तिच्या कक्षेत येत नव्हते. अ‍ॅटर्नी जनरल टॉम रायली यांनी सप्टेंबर २००५ मध्ये याचिका प्रमाणित केली.

तक्रारी

सह्या गोळा करण्यात चर्चमधील स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. त्यांच्या जोडीला कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिक कंपनीची माणसेही होती. हीच माणसे किराणा दुकानांत वाइन विकण्याची परवानगी मागणाऱ्या याचिकेसाठीही सह्या घेत होती. आपण वाइनच्या याचिकेवर सही केली असे समजणाऱ्या काही मतदारांना आपले नाव विवाहविषयक याचिकेवर आढळले. काहींनी आपण कोणत्याच कागदावर सही केली नसल्याचे सांगितले. पहिल्या प्रकारात सही खरी, पण समजूत चुकीची होती. दुसऱ्या प्रकारात सहीच बनावट असल्याचा आरोप होता. कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. बनावट सही हा सरळ गुन्हा आहे आणि तो कागदावरून सिद्ध करता येतो. तोंडी दिशाभुलीचा मात्र कागदावर कोणताही माग राहत नाही.

२००५ च्या शरद ऋतूत विधिमंडळाच्या निवडणूक कायदेविषयक संयुक्त समितीने या तक्रारींची सुनावणी घेतली. सह्या गोळा करण्याचे काम केलेल्या एका महिलेने समितीपुढे साक्ष देऊन मतदारांची दिशाभूल कशी केली जाई, याचे वर्णन केले. बोस्टनच्या एका दूरचित्रवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणातूनही हे प्रकार लोकांपुढे आले.

याचिकेच्या पुरस्कर्त्यांनी फसवणुकीचे समर्थन केले नाही. परंतु असे प्रकार तुरळक असून विरोधक त्यांचा वापर संपूर्ण मोहीम बदनाम करण्यासाठी करीत आहेत, अशी भूमिका घेतली. याचिकेला ६५,८२५ सह्यांची आवश्यकता होती. पुरस्कर्त्यांनी सुमारे १,७०,००० सह्या जमवल्याचे जाहीर केले आणि त्यांपैकी १,२३,३५६ ग्राह्य ठरल्या. आवश्यक संख्येपेक्षा ग्राह्य सह्या ५७,००० हून अधिक असल्याने, काही हजार सह्या बाद केल्या तरी निष्पत्ती बदलली नसती, हा त्यांचा युक्तिवाद आकड्यांच्या दृष्टीने बिनतोड होता. फसवणूक झालेल्या व्यक्तीच्या तक्रारीला मात्र या आकडेवारीत उत्तर नव्हते. कारण तिचे नाव तिच्या मताविरुद्ध एका सार्वजनिक दस्तऐवजावर नोंदले गेले होते.

नावांची प्रसिद्धी

याचिकेवरील सह्या हा सार्वजनिक अभिलेख आहे. याचा आधार घेऊन समलिंगी विवाहाच्या समर्थकांनी ‘नो दाय नेबर’, म्हणजे ‘आपल्या शेजाऱ्यास ओळखा’, या नावाचा उपक्रम सुरू केला आणि सही करणाऱ्यांची नावे शोधता येतील अशा स्वरूपात संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. समर्थकांच्या मते यामुळे मतदारांना आपले नाव यादीत आहे का, हे स्वतः पाहता आले आणि अनेक तक्रारी त्यातूनच पुढे आल्या. टीकाकारांच्या मते हा सही करणाऱ्यांवर सामाजिक दडपण आणण्याचा प्रयत्न होता. शेजारी, सहकारी वा ग्राहक यांच्या रोषाच्या भीतीने लोक प्रामाणिक मत नोंदवण्यास कचरतील, असे त्यांचे म्हणणे होते.

न्यायालयीन निर्णय व विधिमंडळातील मतदान

न्यायालयाचा निर्णय फिरवण्यासाठी जनयाचिका वापरता येत नाही, या मुद्द्यावर याचिकेला आव्हान देण्यात आले. राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने जुलै २००६ मध्ये ते फेटाळले. ही याचिका घटनेतच बदल सुचवते, म्हणून ती ग्राह्य आहे, असा निर्णय झाला. सह्यांतील फसवणूक हा त्या खटल्याचा विषय नव्हता.

९ नोव्हेंबर २००६ रोजी संयुक्त अधिवेशन १०९ विरुद्ध ८७ मतांनी २ जानेवारी २००७ पर्यंत, म्हणजे त्या विधिमंडळाच्या मुदतीच्या अखेरच्या दिवसापर्यंत, तहकूब करण्यात आले. गव्हर्नर मिट रॉम्नी व इतर काही नागरिक यांनी न्यायालयात धाव घेतली. मतदान करणे हे सदस्यांचे घटनात्मक कर्तव्य आहे, परंतु न्यायालय त्यांच्यावर तशी सक्ती करू शकत नाही, असे न्यायपीठाने २७ डिसेंबर २००६ रोजी स्पष्ट केले. त्यानंतर २ जानेवारी २००७ रोजी मतदान झाले आणि याचिकेला ६२ मते मिळाली. बहुसंख्य सदस्य विरोधात असूनही ५० ची अट पूर्ण झाल्याने याचिका पुढील विधिमंडळाकडे गेली.

दुसऱ्या फेरीचे मतदान १४ जून २००७ रोजी झाले. नवे गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक आणि दोन्ही सभागृहांचे नेते यांनी प्रस्तावाविरुद्ध सदस्यांची मने वळवली होती. प्रस्तावाच्या बाजूने ४५ व विरोधात १५१ मते पडली. आवश्यक पाठिंब्याला पाच मते कमी पडल्याने याचिका संपुष्टात आली. दरम्यान, वाइनची याचिका नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांपुढे गेली होती. ती सुमारे ५६ टक्के विरोधी मतांनी फेटाळली गेली.

कायद्यातील उणीव

सह्यांची पडताळणी आणि सह्यांमागील संमती यांतील अंतर मॅसॅच्युसेट्सपुरते मर्यादित नव्हते. मिशिगन राज्यात वंश व लिंग यांवर आधारित सकारात्मक प्राधान्य रद्द करणाऱ्या याचिकेच्या बाबतीत २००६ मध्ये असाच वाद झाला. ही याचिका नागरी हक्कांच्या बाजूची असल्याचे सांगून सह्या घेतल्याची तक्रार होती. संघराज्यीय न्यायाधीश आर्थर टार्नो यांनी मतदारांची पद्धतशीर फसवणूक झाल्याचे मान्य केले. परंतु ती सर्व वंशांच्या मतदारांची सारखीच झाल्यामुळे, वांशिक भेदभाव रोखणाऱ्या मतदान हक्क कायद्याचा भंग होत नाही, असे सांगून त्यांनी मतदान थांबवण्यास नकार दिला. फसवणूक सिद्ध होऊनही तिच्यावर उपाय सापडेलच असे नाही, हे या निकालातून दिसले.

नावांच्या प्रसिद्धीचा प्रश्न २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. समलिंगी जोडप्यांना विवाहितांसारखे अधिकार देणारा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला होता. तो रद्द करण्यासाठी जमवलेल्या सह्या उघड करू नयेत, अशी याचिकाकर्त्यांची मागणी होती. मॅसॅच्युसेट्समधील एका समलिंगी हक्क संघटनेने व इतरांनी या खटल्यात न्यायालयाला साहाय्यभूत निवेदन सादर केले आणि त्यात दिशाभूल करून घेतलेल्या सह्यांची उदाहरणे मांडली. ‘डो विरुद्ध रीड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयाने २४ जून २०१० रोजी आठ विरुद्ध एक मताने निर्णय दिला. अशा सह्या उघड करणे सर्वसाधारणपणे घटनेशी सुसंगत आहे, असे त्यात ठरले. मात्र विशिष्ट प्रकरणी छळाची रास्त शक्यता सिद्ध झाल्यास अपवादाची वाट मोकळी ठेवण्यात आली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात या निवेदनाचा उल्लेख केला. अशी फसवणूक ओळखण्यास सही करणारी व्यक्तीच सर्वांत सक्षम असते आणि नावे उघड झाल्याने ती बाब तिच्या लक्षात येऊ शकते, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले.

महत्त्व

समलिंगी विवाहाचा प्रश्न संपूर्ण अमेरिकेपुरता २६ जून २०१५ रोजी ‘ओबर्गफेल विरुद्ध हॉजेस’ खटल्याच्या निकालाने सुटला. मॅसॅच्युसेट्समधील सह्यांचा वाद मात्र विवाहाच्या प्रश्नापलीकडचा होता. समलिंगी विवाहाच्या समर्थकांनी फसवणुकीकडे बोट दाखवले, तर विरोधकांनी एक लाखाहून अधिक नागरिकांच्या सह्या विधिमंडळाने निष्फळ ठरवल्याचा आक्षेप घेतला. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी मतदाराची सही हा त्याचा खरा शब्द आहे आणि त्याचा मान राखला गेला पाहिजे, हीच भूमिका होती. सही मिळवण्याच्या क्षणी तो शब्द विकृत झाला, तर पुढील कोणताही टप्पा ही चूक दुरुस्त करू शकत नाही. कारण त्यानंतरच्या सर्व यंत्रणा कागदावरील नाव पाहतात, ते लिहिताना काय सांगितले गेले ते पाहत नाहीत. सह्यांच्या कागदावर सारांश छापण्याची अट याच उणिवेवरील उपाय म्हणून अस्तित्वात आहे. आणि सही करण्यापूर्वी तो वाचणे हा मतदाराच्या हाती असलेला सर्वांत साधा बचाव आहे.